रबरी सीलिंग रिंगा: घडवण्याच्या पद्धती आणि मापातली सूट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची हायड्रॉलिक सिलिंडर आणि पंप दुरुस्तीची कार्यशाळा आहे. कापसाच्या हंगामात जिनिंग-प्रेसिंगचे फिटर, उन्हाळ्यात बोअरच्या मोटारी घेऊन येणारे शेतकरी आणि वर्षभर ट्रॅक्टरवाले आमच्याकडे जे प्रश्न घेऊन येतात, त्यांपैकी रबरी रिंगांविषयीचे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण गळती नेमकी तिथेच होते.

रिंग मागताना कोणती मापे सांगावी लागतात?

दोनच: आतला व्यास आणि रबराची जाडी. बाहेरचा व्यास वेगळा सांगण्याची गरज नसते, कारण आतल्या व्यासात जाडी दोनदा मिळवली की तो निघतो. मापाबरोबर रबराचा प्रकार आणि कडकपणा सांगावा. नुसती «काळी रिंग» मागितली तर दुकानदार हाताला लागेल ती देतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

मिस्त्री «एक सुताची रिंग» मागतो आणि कॅटलॉगमध्ये ३.५३ मि.मी. लिहिलेले असते. खरे माप कोणते?

दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मि.मी. अमेरिकी मालिकेतील रिंगांच्या पाच जाड्या नावापुरत्या अर्धा सूत, पाऊण सूत, एक सूत, दीड सूत आणि दोन सूत अशाच आहेत. प्रत्यक्षात मात्र रिंग त्या नावापेक्षा मुद्दाम जाड ठेवलेली असते, कारण खाचेत बसल्यावर ती चेपली गेली तरच पाणी किंवा तेल अडते. त्यामुळे त्या पाच जाड्या १.७८, २.६२, ३.५३, ५.३३ आणि ६.९९ मि.मी. अशा येतात. मिस्त्रीचे «एक सूत» हे त्या जागेचे नाव आहे, रबराचे माप नव्हे. घोटाळा होतो तो कोणी खरोखरच ३.१७५ मि.मी. जाडीची दोरी आणून रिंग जोडतो तेव्हा. २.८० मि.मी. खोल खाचेत ३.५३ ची रिंग सुमारे २१ टक्के चेपली जाते, तर ३.१७५ ची जेमतेम १२ टक्के. पहिल्या दिवशी ती गळणार नाही. महिन्याभराने रबर बसले की गळेल.

टॉलरन्स म्हणजे काय? लेथवरच्या कामाइतकी अचूकता रबरात का मिळत नाही?

टॉलरन्स म्हणजे मापात मान्य केलेली सूट. लोखंडाचा दांडा आपण तासतो आणि तासताना मोजत जातो. साच्यातली रिंग मात्र कोणी तासत नाही. ती गरम साच्यात शिजते आणि बाहेर काढल्यावर आक्रसते. किती आक्रसेल हे रबराच्या मिश्रणावर, साच्याच्या तापमानावर आणि शिजण्याच्या वेळेवर ठरते. नायट्राइल रबर साधारण दीड ते अडीच टक्के आक्रसते आणि सिलिकॉन दोन ते चार टक्क्यांपर्यंत जाते. एकाच कारखान्यात मिश्रणाचा नवा घाणा आला तरी हा आकडा थोडा हलतो. साचा कितीही अचूक कापलेला असला तरी पदार्थ स्वतःच हलणारा आहे, म्हणून रबराच्या मापाला लोखंडापेक्षा अधिक सूट द्यावीच लागते. शाफ्टसाठी दोन शतांश मि.मी.ची सूट मागणारे काही ग्राहक रिंगेलाही तेवढीच मागतात. असे माप कागदावर लिहून देणारा पुरवठादार भेटेल, पण रिंग तशी मिळणार नाही.

कम्प्रेशन, ट्रान्सफर आणि इंजेक्शन या तीन पद्धतींत नेमका फरक काय?

तिन्हींत साचा आणि उष्णता असतेच. फरक एवढाच, की रबर साच्यात कधी आणि कसे शिरते.

कम्प्रेशन पद्धतीत साचा उघडा असतानाच कच्च्या रबराचा वजन केलेला तुकडा खोबणीत ठेवतात आणि मग प्रेसने साचा दाबून बंद करतात. साचा महाग पडत नाही, रबराचा जवळजवळ कोणताही प्रकार चालतो आणि थोड्या नगांसाठी ही पद्धत परवडते. अडचण अशी, की जादा रबराला बाहेर पडायला वाट लागते आणि ते साच्याच्या दोन अर्ध्या भागांमधून पातळ पापुद्र्यासारखे पसरते. त्याला फ्लॅश म्हणतात. तुकडा जरा जड झाला किंवा रबर आधीच थोडे शिजून घट्ट झालेले असले, तर साचा पुरता मिटत नाही. तो ०.०५ मि.मी. उघडा राहिला की रिंगेची जाडी त्या दिशेने तेवढीच वाढते, आडव्या दिशेने मात्र वाढत नाही. म्हणजे रिंगेचा छेद गोल न राहता किंचित लंबगोल होतो. म्हणूनच रबरी वस्तूंच्या सर्वसाधारण मानकात, आयएसओ ३३०२ मध्ये, साच्याच्या एकाच भागावर अवलंबून असलेली मापे आणि साचा मिटण्यावर अवलंबून असलेली मापे वेगळी धरली आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराला अधिक सूट दिली आहे.

ट्रान्सफर पद्धतीत साचा आधी बंद होतो. रबर वरच्या भांड्यात ठेवलेले असते आणि दट्ट्याने दाबले की बारीक वाटांमधून खाली खोबण्यांत उतरते. साचा आधीच मिटलेला असल्यामुळे जाडीतली अनिश्चितता कमी होते आणि फ्लॅशही पातळ येतो. आतमध्ये धातूचा तुकडा बसवून वर रबर घ्यायचे असेल तर ही पद्धत विशेष सोयीची पडते. तोटा असा, की भांड्याच्या तळाशी राहिलेली चकती शिजून जाते. शिजलेले रबर पुन्हा वितळत नाही, त्यामुळे ती चकती टाकून द्यावी लागते. व्हिटॉनसारखे महाग रबर असेल तेव्हा हा वाया जाणारा माल हिशेबात धरावा लागतो.

इंजेक्शन पद्धतीत रबराची पट्टी मशिनच्या स्क्रूमध्ये शिरते, तिथे गरम आणि मऊ होते आणि बंद साच्यात जोराने सोडली जाते. रबर आधीच तापलेले असल्यामुळे साच्यात ते कमी वेळात शिजते, आणि मोजून सोडलेले असल्यामुळे प्रत्येक वेळी सारखे भरते. हजारो नगांमध्ये एकसारखेपणा हवा असेल तर यापेक्षा बरी पद्धत नाही. मात्र साचा आणि मशिन दोन्ही महाग असल्यामुळे शंभर-दोनशे नगांसाठी कोणी हे मशिन लावत नाही. द्रवरूप सिलिकॉनचीही अशीच एक शाखा आहे. तिच्यात दोन घटक मिसळून साच्यात सोडतात आणि काम जवळजवळ पूर्ण स्वयंचलित चालते. वैद्यकीय आणि स्वयंपाकघरातील उपकरणांच्या पुष्कळशा रिंगा त्या मार्गाने येतात.

मग इंजेक्शनची रिंग कम्प्रेशनच्या रिंगेपेक्षा नेहमीच चांगली समजावी का?

नाही. चांगल्या साच्यात आणि काळजीने वजन केलेल्या तुकड्यातून केलेली कम्प्रेशनची रिंग त्याच मानकात सहज बसते, आणि झिजलेल्या साच्यातली इंजेक्शनची रिंग बसत नाही. पद्धत सांगते की माप किती सहज सांभाळता येईल. ते प्रत्यक्षात सांभाळले की नाही, हे रिंग मोजूनच कळते.

रबराची दोरी कापून जोडलेली रिंग चालते का?

चालते, पण कुठे हे पाहून. दोरी छिद्रातून सतत बाहेर काढून शिजवलेली असते. साच्याच्या भिंती नसल्यामुळे तिच्या जाडीतली सूट साच्यातल्या रिंगेपेक्षा बरीच मोठी असते, साडेतीन मि.मी. च्या दोरीला अधिक-उणे पाव मि.मी. ही सूट चांगल्या प्रतीची समजली जाते. साच्यातल्या ३.५३ च्या रिंगेला अधिक-उणे ०.१० मि.मी. एवढीच सूट असते. म्हणजे अडीच पटींचा फरक दोरीतच आहे. जोडाचा प्रश्न त्यानंतर येतो.

जोड दोन प्रकारे करतात. दुकानातल्या झटपट गोंदाने चिकटवलेला सांधा कडक होतो. रिंग चेपली की बाकीचे रबर दबते, सांधा दबत नाही आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक फट राहते. टोके तिरपी कापून मध्ये कच्चे रबर घालून गरम साच्यात पुन्हा शिजवलेला सांधा पुष्कळ बरा असतो. स्थिर झाकण, टाकीचे मॅनहोल किंवा मोठ्या व्यासाची फ्लँज यांसाठी असा सांधा आम्ही स्वतः वापरतो. सरकणाऱ्या पिस्टनवर मात्र कोणताही जोड वापरत नाही.

हा नियम आम्हाला फुकट मिळालेला नाही. काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात एका प्रेसच्या मोठ्या सिलिंडरसाठी पुरवठादाराने «साच्यातल्या» म्हणून पाठवलेल्या रिंगा आम्ही बसवल्या. व्हर्नियरने व्यास तपासला होता, तो बरोबर होता. सांधा शोधायला कोणी रिंग बोटांतून फिरवून पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी तेल गळू लागले. १७० किलोची रुईची गाठ अर्धी दाबून प्रेस थांबला आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. उघडून पाहिले तेव्हा रिंग नेमकी सांध्यावरच फाटलेली होती. तेव्हापासून मोठ्या व्यासाची प्रत्येक रिंग आम्ही वाकवून, बोटांतून पूर्ण फिरवून पाहतो.

सांधा म्हणजे नेहमीच पाप, असेही समजू नये. २८ जानेवारी १९८६ रोजी कोसळलेल्या चॅलेंजर यानाच्या रॉकेटमधील मोठ्या रिंगा तुकडे जोडूनच केलेल्या होत्या. चौकशीत दोष ठरला तो भागांच्या जोडणीच्या रचनेचा आणि थंडीत रबर पूर्ववत होण्याला झालेल्या उशिराचा. रिंगेतल्या सांध्यांचा नव्हे.

फार मोठ्या व्यासाची रिंग जोडाशिवाय हवी असेल, तर ती छोट्या प्रेसमध्ये टप्प्याटप्प्याने, एकेक भाग सरकवत शिजवण्याची पद्धतही आहे. तिच्यात चिकटवलेला सांधा नसतो, पण जिथे दोन टप्पे एकमेकांवर येतात तिथे रबर दोनदा शिजते, म्हणून तो भाग हाताने तपासावा.

चौकोनी छेदाच्या आणि शीटमधून कापलेल्या रिंगांचे काय?

चौकोनी रिंगा रबराची नळी शिजवून, ती दांड्यावर चढवून लेथवर पात्याने कापतात. कापण्याची रुंदी चांगली सांभाळता येते आणि साच्याची रेघ नसते. स्थिर जागी, उदाहरणार्थ फिल्टरच्या झाकणाखाली, त्या उत्तम काम देतात. शीटमधून डायने ठोकून काढलेल्या वायसरची कड जाड शीटमध्ये सरळ येत नाही, मधे आत दबते. पातळ शीटला हा दोष जाणवत नाही.

मानकांनुसार गोल रिंगेला किती सूट असते?

आयएसओ ३६०१ या मानकाच्या पहिल्या भागात जाडी आणि आतला व्यास या दोन्हींची सूट दिलेली आहे. वर सांगितलेल्या पाच जाड्यांसाठी ती साधारण अशी: १.७८ आणि २.६२ ला अधिक-उणे ०.०८, ३.५३ ला ०.१०, ५.३३ ला ०.१३ आणि ६.९९ ला ०.१५ मि.मी. सर्वसाधारण औद्योगिक वर्गात २.६२ च्या जाडीला ०.०९ पर्यंत सूट मिळते.

आतल्या व्यासाची सूट व्यासाबरोबर वाढत जाते. सर्वसाधारण वर्गात १० मि.मी. व्यासाला अधिक-उणे ०.१९, ५० ला ०.४८, १०० ला ०.८२ आणि २०० ला जवळजवळ दीड मि.मी. अशी ती येते. पहिल्यांदा हे आकडे पाहणारा फिटर चमकतो. शंभराच्या रिंगेला पाऊण मि.मी.हून अधिक सूट म्हणजे पुरवठादाराची पळवाट आहे, असे त्याला वाटते. तसे नाही, त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

व्यासाची सूट एवढी मोठी आणि जाडीची एवढी लहान, असे का?

कारण गळती जाडी ठरवते. या पानावर वाचण्यासारखे एकच उत्तर निवडायचे असेल, तर हे निवडावे.

५० मि.मी. आतल्या व्यासाची, ३.५३ जाडीची रिंग ५१ मि.मी. तळ असलेल्या खाचेवर चढवायची आहे असे समजू. रिंग नेमकी ५० ची असेल तर ती दोन टक्के ताणली जाते. सुटीच्या खालच्या टोकाला, म्हणजे ४९.५२ ची असेल, तर तीन टक्के. वरच्या टोकाला, म्हणजे ५०.४८ ची असेल, तर एक टक्का. रबर ताणले की पातळ होते, आणि किती पातळ होते याचा ढोबळ हिशेब ताणाच्या निम्मा असतो. म्हणजे व्यासातल्या जवळजवळ एक मि.मी.च्या फरकाने जाडीत फक्त एक टक्क्याचा, सुमारे ०.०३५ मि.मी.चा फरक पडतो. व्यासाची चूक रबर ताणून पचवते. मात्र एकूण ताण पाच टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये.

आता जाडीकडे पाहू. खाच २.८० मि.मी. खोल आणि तिच्या कामातली सूट अधिक-उणे ०.०५ धरली, तर ३.५३ च्या साच्यातल्या रिंगेचा चेप सर्वांत वाईट जुळणीत १७ टक्के आणि दुसऱ्या टोकाला २४ टक्के येतो. दोन्ही चालतात, स्थिर जागी १५ ते ३० टक्के चेप मान्य असतो. त्याच खाचेत पाव मि.मी. सुटीची दोरी घातली, तर चेप १३ ते २७ टक्के असा हेलकावतो. खालचे टोक स्थिर जागेच्या मर्यादेबाहेर जाते, आणि सरकत्या जागी, जिथे चेप दहा ते वीस टक्क्यांत ठेवायचा असतो, तिथे वरच्या टोकाला रिंग घासून तापते.

बारीक रिंगेला हीच गोष्ट अधिक बोचते. १.७८ ची रिंग १.४० मि.मी. खोल खाचेत घातली, तर सुटीच्या दोन टोकांना चेप सुमारे १५ आणि २७ टक्के येतो. जाडी निम्मी झाली, पण लेथवाल्याच्या हाताची सूट निम्मी झालेली नाही. म्हणून नवे काम असेल आणि जागा असेल तर जाड रिंग निवडावी, असे आम्ही सांगतो. गावातल्या लेथवर बारीक खाच अचूक कापून घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

नायट्राइलच्या साच्यातच व्हिटॉनची किंवा सिलिकॉनची रिंग काढली तर माप तेच येते का?

येत नाही. बहुतेक प्रचलित साचे नायट्राइलच्या आकसण्याचा हिशेब धरून कापलेले असतात. दोन टक्के आकसणारे रबर ज्या साच्यातून १०० मि.मी.ची रिंग देते, त्याच साच्यातून तीन टक्के आकसणारे रबर सुमारे ९९ मि.मी.ची रिंग देते. म्हणजे व्यास एक मि.मी.ने कमी झाला, आणि मान्य सूट ०.८२ होती. जाडी मात्र ३.५३ वरून साधारण ३.४९ होते आणि सुटीत राहते. वरच्या उत्तराप्रमाणे अशी रिंग बहुधा कामही करील. पण ती मानकात बसते असे लिहून देता येणार नाही. सिलिकॉन आणि व्हिटॉनच्या रिंगा साच्यातून काढल्यावर भट्टीत आणखी काही तास भाजतात आणि तेव्हा त्या अजून थोड्या आकसतात. म्हणून या रबरांच्या मोठ्या रिंगा घेताना साचा कोणत्या रबरासाठी कापला आहे हे विचारावे. प्रश्नाचा अर्थ लगेच समजणारा पुरवठादार बहुधा भरवशाचा निघतो.

व्हर्नियरने मोजलेले माप धरावे का?

व्यासासाठी ढोबळ अंदाज म्हणून चालेल, जाडीसाठी जपून. व्हर्नियरचे जबडे रबर दाबतात आणि दाबणारा हात बदलला की माप बदलते. एकाच रिंगेवर दोन माणसांची मापे ०.१० ने वेगळी आलेली आम्ही पाहिली आहेत, आणि तेवढीच तर पूर्ण सूट असते. जबडे फक्त टेकवावेत, चार ठिकाणी मोजावे आणि साच्याच्या रेघेच्या दिशेने व तिला आडवे असे दोन्हीकडून मोजावे. व्यासासाठी पायऱ्यांचा शंकू सर्वांत सोपा: रिंग ज्या पायरीवर न ताणता आणि न लोंबता बसते, तो व्यास. कोणत्याही लेथवर असा शंकू नायलॉनच्या दांड्यातून कापून मिळतो.

विदर्भात तापमानाचाही विचार करावा लागतो. मोजणीसाठी २३ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान धरतात. रबर लोखंडाच्या कैकपट प्रसरण पावते, १०० मि.मी.ची रिंग २३ वरून ४५ अंशांवर गेली की पाव ते अर्धा मि.मी. मोठी होते. मे महिन्यात टिनाखाली मोजून «माप मोठे आले» म्हणून परत पाठवलेला माल पुरवठादाराच्या थंड खोलीत बरोबर निघतो. वाद घालण्यापूर्वी रिंगा तासभर माठाजवळच्या गारव्यात ठेवाव्यात.

जुनी रिंग नमुना म्हणून आणली तर चालेल का?

नमुना म्हणून आणावी, माप म्हणून नव्हे. वापरलेली रिंग चेपून सपाट झालेली असते, तेलाने फुगलेली असते किंवा उष्णतेने आक्रसलेली असते. खरे माप खाचेत असते: तिची खोली, रुंदी आणि तळाचा व्यास. सुटा भाग आणता येत असेल तर तोच आणावा. वरूड-मोर्शीकडच्या खोल बोअरमधून मोटार वर काढायला पुन्हा क्रेन आणि माणसे लागतात, म्हणून तिथल्या शेतकऱ्यांना आम्ही हे दोनदा सांगतो.

३.५ आणि ३.५३ मि.मी.च्या रिंगा एकमेकींच्या जागी चालतात का?

जाडीपुरत्या बहुधा चालतात, कारण ०.०३ हा फरक सुटीत बुडतो. फसगत व्यासात होते. जपानी मालिकेतील पी २५ या रिंगेचा आतला व्यास २४.७ मि.मी. आणि जाडी ३.५ असते, अमेरिकी मालिकेतील २१४ क्रमांकाच्या रिंगेचा व्यास २४.९९ आणि जाडी ३.५३. या दोन चालून जातील. पण जपानी २.४ आणि अमेरिकी २.६२ यांची अदलाबदल करू नये. तो फरक चेपाच्या जवळजवळ निम्मा आहे. यंत्र कोणत्या देशाच्या आराखड्यावर बांधले आहे हे कळले की मालिका ओळखायला सोपी जाते.

रिंगेवर बारीक रेघ दिसते. माल खराब समजावा का?

ती साच्याच्या दोन भागांच्या भेटीची रेघ असते आणि साच्यातल्या प्रत्येक रिंगेवर असतेच. आयएसओ ३६०१ च्या तिसऱ्या भागात पृष्ठभागाच्या दोषांच्या मर्यादा दिल्या आहेत. सर्वसाधारण दर्जात फ्लॅशला साधारण ०.१ ते ०.२ मि.मी.पर्यंत मुभा आहे. रेघ नखाला अडत असेल, दोन अर्धी वर्तुळे एकमेकांवरून सरकलेली दिसत असतील किंवा फ्लॅश कापताना रबराचा लचका निघाला असेल, तर रिंग परत करावी. फ्लॅश हाताने कापतात किंवा द्रव नायट्रोजनने रिंगा गोठवून ढोलात घुसळतात. गोठलेला पातळ पापुद्रा तुटून पडतो आणि जाड रिंग शाबूत राहते.

पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या रिंगांनाही एवढी अचूकता लागते का?

एवढी नाही. पाइपच्या सॉकेटमधली रिंग मोठ्या चेपावर काम करते आणि तिचा आकारही निराळा असतो. त्यासाठी आयएस ५३८२ हे भारतीय मानक आहे. पाण्याच्या पाइपची रिंग घेताना त्याचा उल्लेख पाहावा. ठिबकमध्ये मापापेक्षा रबर महत्त्वाचे. उन्हात आणि पाण्यात ईपीडीएम टिकते, नायट्राइल उन्हाने तडकते. याच ईपीडीएमला खनिज तेल लागले की ते फुगते, म्हणून ठिबकची उरलेली रिंग ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला लावू नये. दिसायला दोन्ही काळ्याच असतात.

घरच्या गॅस सिलिंडरची रिंग तुमच्याकडे मिळेल का?

नाही, आणि हार्डवेअरच्या दुकानातूनही घेऊ नये. वास आला तर सिलिंडरला टोपी लावून एजन्सीला कळवावे. रिंग बदलणे हे त्यांचे काम आहे.

रिंगा किती दिवस साठवता येतात?

आयएसओ २२३० नुसार नायट्राइल साधारण सात वर्षे, तर ईपीडीएम, सिलिकॉन आणि व्हिटॉन दहा वर्षे, मात्र २५ अंशांच्या आत, अंधारात आणि न ताणता ठेवले तर. आपल्याकडे रिंगा खिळ्यावर माळेसारख्या टांगतात, टिनाखाली आणि वेल्डिंग मशिनशेजारी. खिळ्यावर रिंग तिच्याच वजनाने ताणली जाते आणि वेल्डिंगच्या ठिणगीने तयार होणारा ओझोन ताणलेल्या नायट्राइलला तडे देतो. बंद पिशवीत, सपाट, घरातल्या धान्याच्या कोठीसारख्या गार जागी ठेवल्या तर पुरे.

बाजारात न मिळणाऱ्या मापाच्या दहा-वीस रिंगा हव्या आहेत. साचा करून घ्यावा का?

आधी जवळचे प्रचलित माप शोधावे. ताण पाच टक्क्यांच्या आत राहत असेल तर व्यासातला फरक निभावतो. ते जमले नाही आणि जागा स्थिर असेल, तर गरम सांध्याची जोड-रिंग करून घ्यावी. जागा सरकती असेल तरच एका खोबणीचा कम्प्रेशनचा साचा करावा. तो कोणत्याही बऱ्या टूलरूममध्ये कापून होतो, पण साचा कापण्याआधी रबराचे मिश्रण पक्के करावे. मागणीपत्रावर आतला व्यास, जाडी, रबर, कडकपणा, आयएसओ ३६०१ चा वर्ग आणि «जोड चालणार नाही» हे शब्द लिहावेत. शेवटचे तीन शब्द आम्ही लाल शाईने लिहितो.